मराठी व्याकरणाच्या वाटेने स्पॅनिश भाषा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांना थोडे नवल वाटेल. मराठी शाळेत जन्मभर विभक्ती आणि प्रयोग शिकविलेल्या मनुष्याने स्पॅनिश भाषेविषयी बोलावे याचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आज जे घडत आहे, ते पाहिले म्हणजे या विषयाचे प्रयोजन ध्यानी येईल.

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी, चाकण ही गावे यंत्रांच्या नादाने भरून गेली. पूर्वी चाकणचे नाव निघाले की संग्रामदुर्ग किल्ला आणि कांद्याचा बाजार आठवे. आता त्याच चाकणच्या परिसरात स्पेन देशातील कारखानदारांच्या कंपन्या आहेत. बिल्बाओ शहरातील सीआयई ऑटोमोटिव्ह या कंपनीने २०१३ साली महिंद्रांच्या सुटे भाग बनविणाऱ्या उद्योगाशी हातमिळवणी केली. मोटारींचे पत्र्याचे भाग बनविणारी गेस्टाम्प ही कंपनीही मूळची स्पेनचीच. येथे २००९ साली सुरू झालेल्या फोक्सवागनच्या कारखान्यातून 'व्हेंटो' ही गाडी मोठ्या संख्येने मेक्सिकोस गेली. बजाजच्या मोटारसायकली कोलंबियाच्या रस्त्यांवर धावतात. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, अर्जेंटिना, स्पेन या सर्व देशांची भाषा एकच, ती म्हणजे स्पॅनिश. जगात सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे.

साहजिकच आमच्या तरुणांना ही भाषा शिकण्याची इच्छा होऊ लागली आहे. पण तिच्या आड एक भीती उभी राहते. मराठी शाळेतून शिकून, पुढे आयटीआय किंवा पदविका पुरी करून कारखान्यात लागलेला मुलगा म्हणतो, "गुरुजी, माझे इंग्रजीच कच्चे, मग स्पॅनिश कोठून येणार?" स्पॅनिशचा मार्ग इंग्रजीच्याच दारावरून जातो, असे त्याने मनाशी धरलेले असते. बाजारातील बहुतेक पुस्तकेही इंग्रजीतून लिहिलेली असल्यामुळे हा समज अधिकच दृढ होतो. हा समज निराधार आहे, एवढेच आज मला आपणांपुढे मांडावयाचे आहे. मराठी व्याकरण ज्याला नीट ठाऊक आहे, त्याची स्पॅनिशची निम्मी वाट आधीच चालून झालेली आहे. उरलेल्या वाटेत जे खड्डे आहेत, तेही मी लपविणार नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. दोघींची आई लॅटिन. पोर्तुगीजांच्या सहवासाने मराठीत आलेले शब्द आपण रोज वापरतो. मेज हा शब्द घ्या. स्पॅनिशमध्ये तो 'मेसा'. पाव म्हणजे 'पान'. आपला पगार हा शब्द 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे या क्रियापदाचा भाऊ आहे. चावी तेथे 'याबे' होते. आणि मौज अशी की, कारखान्यातील पान्यालाही स्पॅनिश मनुष्य 'याबे'च म्हणतो. त्याहून जुने नाते संस्कृतचे. 'दोस', 'त्रेस', 'सिएते', 'दिएस' हे आकडे ऐकताच द्वि, त्रि, सप्त, दश आठवतात. देणे म्हणजे 'दार', हा आपला दा धातू. चाक म्हणजे 'रुएदा', आणि ज्या लॅटिन शब्दापासून तो आला तो आपल्या रथाचा सोयरा आहे. साखर आणि नारिंग हे शब्द तर आपल्याकडूनच अरबांच्या हाती स्पेनात जाऊन 'आसुकार' आणि 'नारान्खा' होऊन बसले आहेत.

उच्चारातही आपणांस सोय आहे. स्पॅनिश त आणि द हे आपल्यासारखे शुद्ध दंत्य आहेत. आपल्या ञ या वर्णाला मराठीत फारसे काम उरलेले नाही. स्पॅनिशमध्ये त्याचा स्वतंत्र मान आहे. लिहिल्याप्रमाणे वाचावे हा देवनागरीचा धडा तेथेही बहुतांशी लागू पडतो.

आता नामाकडे वळू. इंग्रजीतून शिकणाऱ्या मनुष्याला पहिला धक्का बसतो तो लिंगाचा. टेबल स्त्रीलिंगी का आणि पुस्तक पुल्लिंगी का, हे त्याला कळेनासे होते. मराठी मुलाला हा धक्का मुळीच बसत नाही. भिंत ती, दरवाजा तो आणि घर ते, हे तो पाळण्यातच शिकलेला असतो. उलट आमची तीन लिंगे, त्यांची दोनच. पुल्लिंगी नामापूर्वी 'एल' आणि स्त्रीलिंगी नामापूर्वी 'ला' हे उपपद येते. 'एल लिब्रो' म्हणजे पुस्तक, 'ला मेसा' म्हणजे मेज. ओकारान्त शब्द बहुधा पुल्लिंगी, आकारान्त बहुधा स्त्रीलिंगी. येथे मराठी मुलाने सावध राहावे. आपल्याकडे घोडा, आंबा, दरवाजा हे आकारान्त शब्द पुल्लिंगी, तेथे आकारान्त शब्द बहुतेक स्त्रीलिंगी. शिवाय अपवाद आहेतच. हात म्हणजे 'मानो', ओकारान्त असून स्त्रीलिंगी. दिवस म्हणजे 'दिआ', आकारान्त असून पुल्लिंगी. 'प्रोब्लेमा', 'सिस्तेमा', 'क्लिमा' हे ग्रीकमधून आलेले शब्दही पुल्लिंगी. यास्तव माझा आग्रह असा की, नाम कधी एकटे पाठ करू नये, उपपदासह करावे. 'माकिना' नव्हे, 'ला माकिना'. 'मोतोर' नव्हे, 'एल मोतोर'. नट आणि स्क्रू एका पेटीत राहतात, पण स्पॅनिशमध्ये नट म्हणजे 'तुएर्का' स्त्रीलिंगी आणि स्क्रू म्हणजे 'तोर्निय्यो' पुल्लिंगी.

विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, हेही आपल्याला नवे नाही. चांगला, चांगली, चांगले असे म्हणणाऱ्याला 'बुएनो' आणि 'बुएना' म्हणणे जड जाऊ नये. अनेकवचन तर अगदी सोपे: स्वरान्त शब्दास स लावावा, व्यंजनान्तास एस. आपले सामान्यरूप, म्हणजे घोडा शब्दाचे घोड्याला होताना जे रूप बदलते ते, तेथे नामाला नाहीच. आपले नपुंसकलिंग मात्र एका कोपऱ्यात जिवंत सापडते. 'लो बुएनो' म्हणजे चांगले ते, 'लो इम्पोर्तान्ते' म्हणजे महत्त्वाचे ते. चांगले ते घ्यावे, असे म्हणताना आपण ज्या अर्थाने नपुंसकलिंग योजतो, तोच हा अर्थ.

श्रोतेहो, आता दोन अशा गोष्टी सांगतो की ज्या इंग्रजी जाणणाऱ्याला महिनोन् महिने छळतात आणि मराठी जाणणाऱ्याला एका क्षणात उमगतात.

पहिली कर्माची. आपण म्हणतो, 'मी यंत्र पाहतो', पण 'मी गुरुजींना पाहतो'. निर्जीव वस्तूला प्रत्यय नाही. मनुष्याला मात्र ला किंवा ना लागतो. स्पॅनिशमध्ये नेमके हेच. 'बेओ ला माकिना' म्हणजे यंत्र पाहतो. 'बेओ आल माएस्त्रो' म्हणजे गुरुजींना पाहतो. त्या 'आल'मधील 'आ' म्हणजेच आपला ला प्रत्यय. याहून सूक्ष्म भेदही जुळतो. 'मी गडी शोधतो आहे' म्हणजे कोणीही एक गडी; 'मी गड्याला शोधतो आहे' म्हणजे अमुक एक गडी. स्पॅनिश मनुष्यही हा भेद त्या एका 'आ'नेच दाखवितो.

दुसरी गोष्ट आवडीनिवडीची. 'मला चहा आवडतो' या वाक्यात चहा कर्ता, आणि आवड ज्याची तो चतुर्थीत. 'मला आंबे आवडतात' म्हणताच क्रियापद आंब्यांप्रमाणे अनेकवचनी होते. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल ते' आणि 'मे गुस्तान लोस मांगोस'. शब्दाला शब्द, प्रत्ययाला प्रत्यय. इंग्रजीत 'मी' हा कर्ता असल्यामुळे त्या वाटेने येणाऱ्याला येथे आपले सर्व घर उलटे करावे लागते. आपल्याला उंबरठाही ओलांडावा लागत नाही.

आहे या क्रियापदाला स्पॅनिशमध्ये दोन धातू आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. पुस्तके सांगतात की कायमचे असेल तेथे 'सेर' आणि तात्पुरते असेल तेथे 'एस्तार'. हा नियम लंगडा आहे. मनुष्य मृत आहे असे म्हणताना 'एस्तार' योजतात, आणि मृत्यूहून कायमचे दुसरे काय असणार? त्यापेक्षा संस्कृतची वाट धरावी. 'सेर'ची 'एस' वगैरे रूपे आपल्या अस् धातूची नातलग आहेत, आणि 'एस्तार' हा स्था धातूचा. अस् वस्तूचे स्वरूप सांगतो, स्था वस्तूची स्थिती. 'एस लिस्तो' म्हणजे तो हुशार आहे, हे त्याचे स्वरूप. 'एस्ता लिस्तो' म्हणजे तो तयार आहे, ही त्याची स्थिती. कारखाना चाकणला आहे, हीही वस्तूची स्थितीच, म्हणून तेथे 'एस्तार'. स्थिती हा शब्दच स्था धातूपासून झालेला असल्यामुळे हा नियम विसरणे कठीण.

आता विषयाचा गाभा, म्हणजे काळ आणि अर्थ. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली मराठी क्रियापदाची जी मांडणी केली, ती स्पॅनिशच्या अभ्यासात किती उपयोगी पडते, हे पाहून मला खरोखर आनंद वाटतो.

स्पॅनिश क्रियापदे आर, एर आणि ईर अशा तीन गणांची. प्रत्ययावरून पुरुष आणि वचन कळते, म्हणून कर्ता गाळला तरी चालते. 'आब्लो' म्हणजे मी बोलतो, 'आब्लास' तू बोलतोस, 'आब्ला' तो बोलतो. आपणही 'येतोस का?' म्हणताना तू हा शब्द गाळतोच. फरक एवढा की आपले क्रियापद बोलणारा पुरुष की स्त्री हे सांगते, त्यांचे सांगत नाही. बोलतो आणि बोलते या दोहोंसाठी 'आब्लो' एकच. आदरार्थी 'उस्तेद' हे सर्वनाम 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या शब्दांवरून झालेले असून त्याचे क्रियापद तृतीयपुरुषी असते. समोर उभ्या असलेल्या साहेबांना 'साहेब केव्हा आले?' असे विचारण्याची आपली रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला यात विचित्र काही वाटणार नाही.

खरी परीक्षा भूतकाळात. स्पॅनिशमध्ये दोन साधे भूतकाळ आहेत. एक घडून संपलेल्या गोष्टीचा, दुसरा चालू असलेल्या किंवा नेहमी घडणाऱ्या गोष्टीचा. इंग्रजीच्या चष्म्यातून हा भेद धूसर दिसतो. पण आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे. 'वडील रोज सायकलने कारखान्यात जात' किंवा 'तो पहाटे उठे आणि व्यायाम करी' ही वाक्ये पाहा. हा जो करी, उठे, जाई, तोच स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ, ज्याचे 'त्राबाखाबा' म्हणजे काम करी असे रूप होते. शिवाय आपला करीत होता हा प्रकारही त्याच रूपात सामावतो. 'त्राबाखाबा क्वान्दो सोनोऽ ला सिरेना' म्हणजे मी काम करीत होतो तेव्हा भोंगा वाजला. काम चालू होते, म्हणून अपूर्ण. भोंगा वाजून गेला, म्हणून पूर्ण. या अपूर्ण भूतकाळात अनियमित क्रियापदे सबंध भाषेत तीनच आहेत: असणे, जाणे आणि पाहणे. तसेच 'साबीआ' म्हणजे मला ठाऊक होते, आणि 'सुपे' म्हणजे मला कळले. धातू एकच, पण काळ बदलताच ठाऊक असण्याचे कळणे होते.

तेव्हा कसोटी सोपी आहे. वाक्यात 'करीत असे' किंवा 'करीत होता' बसत असेल तर अपूर्ण. 'केले' बसत असेल तर पूर्ण. पण या कसोटीला एक अपवाद आहे, आणि नोकरीचा अर्ज लिहिणाऱ्याने तो विसरू नये. आपण सहज म्हणतो, 'मी पिंपरीत दहा वर्षे काम करीत होतो.' दहा वर्षे असा हिशेब एकदा बांधला म्हणजे स्पॅनिशमध्ये ती गोष्ट संपलेली ठरते, आणि पूर्ण भूतकाळच वापरावा लागतो: 'त्राबाखेऽ दिएस आन्योस'.

आणखी एक धोका आघाताचा. 'आब्लो' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर असेल तर अर्थ मी बोलतो. 'आब्लोऽ' असा जोर शेवटी गेला तर तो बोलला. लिहिताना हा सर्व फरक अक्षरावरच्या एका तिरक्या रेघेवर अवलंबून असतो. व्यवहारात पाहा: 'पागो' म्हणजे मी पैसे देतो, आणि 'पागोऽ' म्हणजे त्याने पैसे दिले. ती रेघ गाळणाऱ्या कारकुनाने देणे फेडले की फेडावयाचे आहे, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे? 'एन्बिआमोस' या रूपाचा तर आम्ही पाठवितो आणि आम्ही पाठविले असा दुहेरी अर्थ होतो. म्हणून पत्रात काल, आज, उद्या यांपैकी एखादा शब्द अवश्य घालावा.

मराठी मनुष्याची सर्वांत मोठी अडचण मात्र त्याच्या स्वतःच्या सवयीत आहे. आपण भूतकाळ फार उदार मनाने वापरतो. कोणी हाक मारली की जागेवरूनच 'आलो!' म्हणतो. गाडी अजून फाटकातच असते आणि आपण फोनवर सांगतो, 'माल निघाला.' यात लबाडी नसते. निघण्याची खात्री आपण भूतकाळाने व्यक्त करतो, इतकेच. पण 'सालिओऽ', म्हणजे निघाला, हा शब्द ज्या परदेशी ग्राहकाने ऐकला, तो त्या दिवसापासून दिवस मोजू लागतो, आणि माल वेळेवर न पोहोचल्यास आपल्याला खोटे ठरवितो. आलो या अर्थी स्पॅनिश मनुष्य 'बोय' म्हणतो, आणि त्याचा शब्दशः अर्थ आहे जातो! काळही निराळा, दिशाही निराळी. येथे व्याकरण हा केवळ परीक्षेतील गुणांचा विषय राहत नाही. तो शब्दाच्या पतीचा होतो.

कर्मणी प्रयोगाची सवयही आड येते. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' यांत आपले क्रियापद कर्माकडे पाहते. स्पॅनिश क्रियापद भूतकाळातही कर्त्याचीच आज्ञा पाळते.

भविष्यकाळ सुखाचा आहे. तिन्ही गणांना प्रत्यय एकच. 'आब्लारेऽ' म्हणजे बोलेन; 'बोय आ आब्लार' म्हणजे बोलणार आहे. शिवाय भविष्यकाळाने तर्क करण्याची आपली लकब त्यांच्याकडेही आहे. घड्याळ जवळ नसताना आपण म्हणतो, 'तीन वाजले असतील.' स्पॅनिश मनुष्य म्हणतो, 'सेरान लास त्रेस.' दोघांनीही भविष्यकाळाची मदत घेतली, आणि दोघेही बोलत आहेत वर्तमानाविषयी.

शेवटी ज्याला इंग्रजीतून शिकणारे सर्वाधिक भितात, तो सब्जंक्टिव्ह. याचा अर्थ सांगता सांगता पुस्तके पानेच्या पाने खर्ची घालतात. मी विद्यार्थ्याला एवढेच सांगतो की, हा पुष्कळ ठिकाणी आपला विध्यर्थ होय. 'त्याने बोलावे असे मला वाटते' या वाक्यात आपण बोलतो म्हणत नाही, बोलावे म्हणतो. कारण ती घडलेली गोष्ट नसून इच्छिलेली आहे. 'किएरो के आब्ले' यातील 'आब्ले' म्हणजे तेच बोलावे. 'आब्ला' याचे 'आब्ले' झाले, एवढाच स्वराचा पालट. इच्छा, विनंती, शंका आली की आपला वाख्यात आठवावा. अट आली तर संकेतार्थ आहे. 'वेळ असता तर गेलो असतो' म्हणजे 'सि तुबिएरा तिएम्पो, इरीआ'. फक्त 'तो आला की सांगेन' या वाक्यात जपावे. आपण तेथे आला असा भूतकाळ योजतो, ते मात्र येणे अजून घडावयाचे म्हणून सब्जंक्टिव्हच योजतात.

श्रोतेहो, इतिहासात याच्या उलट घडलेले आहे. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज पाद्री फादर स्टीफन्स यांनी आमची भाषा शिकून १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, आणि त्यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण १६४० साली राचोल येथे छापले गेले. त्यांनी आमची भाषा आपल्या लॅटिनच्या चौकटीतून समजून घेतली. परकी भाषा शिकताना मनुष्याला हाताशी काहीतरी स्वतःचे लागते, ते त्यांच्याजवळ होते. मग आमच्या मुलांनी आपल्या हाताशी असलेले टाकून उसनी चौकट का घ्यावी?

अभ्यासाची रीत म्हणून थोडके सांगतो. रोज पाच नामे उपपदासह पाठ करावी. असणे, जाणे, येणे, करणे, देणे, सांगणे अशी दहा क्रियापदे आधी पक्की करावी. वहीच्या डाव्या पानावर बालपणी आपण काय करीत असू ते लिहावे, उजव्या पानावर काल काय केले ते. दोन्ही भूतकाळ आपोआप वेगळे पडतील. आणि शाळेतले जुने मराठी व्याकरणाचे पुस्तक रद्दीत गेले नसेल तर ते शोधून मेजावर ठेवावे.

ज्या मुलाला आपले इंग्रजी कच्चे वाटते, त्याने आपली मराठी किती पक्की आहे हे प्रथम पाहावे. मी जन्मभर ज्या वर्गांना रीतिभूतकाळ आणि विध्यर्थ शिकविले, त्यांतील पुष्कळांनी मनात म्हटले असेल की, याचा पुढे उपयोग काय? तो उपयोग आता आपल्या दाराशी येऊन उभा आहे. आपण त्याला आत घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.